वाचक विचारतात : वेदीमागचं चित्र

मागच्या अंकाच्या मधल्या पानांवर अँटवर्पच्या (आजच्या बेल्जियममधलं शहर) रुबेन्स या सतराव्या शतकातल्या चित्रकाराचं ‘क्रूसावरून उतरवणी’ हे चित्र छापलं होतं. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यांतल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. ‘अल्टारपीस’साठी ‘वेदीचित्र’ हा शब्द वापरला आहे, म्हणजे चर्चमध्ये ज्या वेदीवर मिस्सा (भाकर आणि द्राक्षरसाची उपासना) होते तिच्या मागे किंवा वर उभं केलेलं चित्र.

आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून हेच चित्र फ्रेममध्ये आहे. रेल्वे कॉलनीतल्या एका कुटुंबाने जाताना दिलं होतं. पण आमचं एकच उभं चित्र आहे आणि तुम्ही छापलेल्यात दोन्ही बाजूंना आणखी चित्रं आहेत. अस्सल कोणतं? आणि डावीकडे टोपी घातलेली गरोदर बाई आहे, तिचा क्रूसाशी काय संबंध?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

तुमच्या फ्रेममध्ये मधली फळी आहे. मूळ चित्र तीन फळ्यांचं: मधली ४२१ × ३११ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १४ फूट उंच आणि १० फूट रुंद, आणि दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्या रुंदीचे पंख. पंख बिजागरीवर फिरतात आणि मिटले की मधलं चित्र कपाटासारखं झाकलं जातं. सगळं काम ओकच्या लाकडावर, तेलरंगात. अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये आजही ते पाहता येतं. मध्ये १७९४ साली फ्रेंच फौजांनी ते पॅरिसला नेलं होतं, ते १८१५ मध्ये परत आलं.

गरोदर बाईचं कोडं चित्राच्या करारातच सुटतं. हे काम दिलं होतं शहराच्या बंदूकधाऱ्यांच्या संघाने. आर्केबस नावाच्या जुन्या बंदुका बाळगणारं हे नागरी पथक. निकोलास रोकॉक्स त्याचा प्रमुख, शहराचा महापौर आणि रुबेन्सचा स्नेही. करार ७ सप्टेंबर १६११ चा. मधली फळी १६१२ मध्ये कॅथीड्रलमध्ये पोचली, पंख १६१४ मध्ये. संघाचा रक्षक संत ख्रिस्तोफर, म्हणजे बाळ येशूला खांद्यावर बसवून नदी पार करणारा धिप्पाड माणूस. पण ही दंतकथा. शास्त्रात आधार नसलेल्या अशा कथा मुख्य वेदीचित्रात नकोत, असं त्या काळात चर्चमधली मंडळी म्हणू लागली होती. रुबेन्सने संताऐवजी त्याचं नाव धरलं. ग्रीक भाषेत ख्रिस्तोफर म्हणजे ‘ख्रिस्ताला वाहून नेणारा’. डाव्या पंखावर येशूची आई मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला आली आहे. ती ख्रिस्ताला पोटात वाहते आहे. उजव्या पंखावर मंदिरात म्हातारा शिमोन बाळाला हातांवर घेतो (त्याच्या मागे बाजूने दिसणारा चेहरा रोकॉक्सचा). मधल्या फळीवर सोबती येशूचा मृत देह खाली घेत आहेत. तिन्ही फळ्यांवर वाहणारेच. आणि पंख मिटले की बाहेरच्या बाजूला साक्षात ख्रिस्तोफर उभा, शेजारच्या फळीवर कंदील धरलेला संन्यासी. संघालाही आपला संत मिळाला आणि चर्चचाही शब्द राहिला.

तुमचं चित्र भिंतीवरून काढून नीट पाहा. देह वर उजवीकडून खाली डावीकडे, एका पांढऱ्या कापडावरून घसरत येतो. शिडीवर सगळ्यांत वर असलेल्या दोघांपैकी एकाने कापड चक्क दातांत धरलं आहे, कारण त्याचा हात देह सोडायला मोकळा हवा. लाल झग्यातला योहान (येशूचा शिष्य) उजवीकडे खाली उभा राहून सगळा भार पेलतो, पाठ मागे झुकवून. विहिरीतून भरलेली घागर वर घेणारा माणूस असाच झुकतो. एक पाऊल मरिया मग्दालियाच्या खांद्यावर टेकलेलं. उजव्या कोपऱ्यात खाली धातूचं पात्र, त्यात काट्यांचा मुकुट आणि खिळे. हे सगळं असेल आणि योहान उजवीकडे असेल तर छपाई मूळ चित्रावरून आहे. योहान डावीकडे असेल तर ती जुन्या कोरीव ठशावरून घेतलेली असण्याची शक्यता मोठी: तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं.

‘बरोक’ म्हणजे नेमकं काय आणि ही एवढी मोठाली चित्रं अचानक कुठून आली? परीक्षेला दोन ओळींचं उत्तर लिहितो, पण समजत काही नाही.
— बी. ए.चा विद्यार्थी, धुळे

शब्दापासून सुरुवात करू नका. ‘बरोक’ हे नाव नंतरच्यांनी दिलेलं. पोर्तुगीजमध्ये वेड्यावाकड्या मोत्याला ‘बारोको’ म्हणत, त्यावरून ते आलं असं सहसा सांगतात. चित्र काढणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

तारखांपासून सुरुवात करा. प्रोटेस्टंट सुधारकांचा आरोप होता की चर्चमध्ये मूर्तिपूजा चालते. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक धर्मसभेने डिसेंबर १५६३ च्या शेवटच्या बैठकीत ठराव केला: प्रतिमा ठेवाव्यात, मान प्रतिमेतल्या रंगाला नसून ती ज्याची आहे त्याला असतो, चित्र सामान्य माणसाला कळावं, त्यात अश्लील काही नसावं, आणि नेहमीपेक्षा वेगळी प्रतिमा बिशपच्या परवानगीशिवाय लावू नये. तीन वर्षांनी, २० ऑगस्ट १५६६ ला, अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये जमाव घुसला आणि वेद्या, मूर्ती, चित्रं फोडून टाकली. पुढे १५८५ मध्ये शहर पुन्हा स्पेनच्या, म्हणजे कॅथलिक सत्तेच्या हाती आलं. व्यावसायिक संघांनी आपापल्या वेद्या पुन्हा उभ्या कराव्यात असं ठरलं. १६०९ ला बारा वर्षांचा तह झाला, पैसा मोकळा झाला, आणि रुबेन्स नुकताच, १६०८ च्या अखेरीस, आठ वर्षांनी इटलीहून परतला होता. रिकाम्या वेद्या, हातात पैसा, आणि रोमचं नवं काम शिकून आलेला तिशीतला चित्रकार. ‘अचानक’ वाटतं ते यामुळे.

वेदीमागे चित्र उभं करायची चाल मात्र त्याहून बरीच जुनी, तेराव्या शतकापासूनची. तेव्हा पुरोहित लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून मिस्सा करत. भाकर डोक्यावर उंच धरली जाई तेव्हा लोकांची नजर तिच्यासोबत वर जाई, आणि तिथे चित्र असे. ‘उतरवणी’तला देह वेदीच्या बरोबर वर का, ते यात आलं: खाली ‘हे माझं शरीर आहे’ हे शब्द उच्चारले जातात आणि वर ते शरीर दिसत असतं. परीक्षेत हे एक वाक्य लिहिलंत तरी पुरे.

कॅराव्हॅजिओ या इटालियन चित्रकाराने चर्चच्या चित्रात मळकट, भेगाळलेले पाय काढले म्हणून लोक चिडले, असं वाचलं. आमच्याकडे पायाला एवढं वाईट कोणी म्हणणार नाही. खरं काय झालं होतं?
— वाचक, मुक्ताईनगर

मुक्ताईची पालखी महिनाभर चालून पंढरपूरला पोचते तेव्हाचे पाय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. रोममधल्या सांत अगोस्तिनो चर्चमधलं ‘लोरेतोची माता’, १६०४ ते १६०६ च्या दरम्यानचं, २६० × १५० सेंटिमीटर. लोरेतो हे इटलीतलं तीर्थक्षेत्र. मरियेचं नाझरेथमधलं घर देवदूतांनी उचलून तिथे आणून ठेवलं अशी श्रद्धा. कॅराव्हॅजिओने देवदूत काढले नाहीत आणि उडतं घरही काढलं नाही. एक दार काढलं, चौकटीजवळचा गिलावा पडून विटा उघड्या पडलेलं. दारात मरिया अनवाणी, मोठं झालेलं बाळ कडेवर घेऊन. समोर काठ्या धरलेले दोन म्हातारे यात्रेकरू गुडघ्यावर. बाईच्या डोक्यावरचं फडकं मळून फाटलेलं. पुरुषाचे दोन्ही तळवे आपल्या बाजूला वळलेले.

वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर हे तळवे येतात. मरियेच्या चेहऱ्याकडे पाहायचं तर नजर त्या पायांवरून वर न्यावी लागते. म्हणजे पाहणारा आपोआप त्या दोघांच्या मागे, रांगेतला तिसरा यात्रेकरू होतो. कॅराव्हॅजिओचा समकालीन आणि वैरी चित्रकार बाल्योने याने लिहून ठेवलं आहे की या चित्रावरून सामान्य लोकांनी मोठा गलका केला. तो गलका रागाचा की आनंदाचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. चित्र काही कोणी काढून टाकलं नाही. ते आजही त्याच वेदीवर आहे.

नाकारली गेली ती दुसरी चित्रं. ‘संत मत्तय आणि देवदूत’च्या पहिल्या आवृत्तीत मत्तय उघड्या पायांचा, पायावर पाय टाकलेला, एक पाऊल थेट वेदीकडे पुढे आलेलं, आणि देवदूत त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतो आहे. ती परत आली. व्हिन्चेंझो जुस्तिनियानी या धनिकाने ती विकत घेतली आणि १९४५ मध्ये बर्लिनमध्ये ती नष्ट झाली. १६०२ च्या दुसऱ्या आवृत्तीत मत्तय सभ्य झग्यात आहे, पण त्याच्या गुडघ्याखालच्या तिवईचा एक पाय चौथऱ्याच्या कडेबाहेर आलेला. आत्ता खाली वेदीवर पडेल, असा. माघार घेतानाही पठ्ठ्याने खोडी सोडली नाही.

‘मरियेचा मृत्यू’ हे ३६९ × २४५ सेंटिमीटरचं चित्र कार्मेलाइट साधूंनी नाकारलं. सुजलेलं शरीर, उघडी पावलं, स्वर्गाची कुठेच खूण नाही. ते इटलीतल्या मांतुआच्या ड्यूकने १६०७ मध्ये विकत घ्यावं अशी शिफारस करणारा माणूस होता तरुण रुबेन्स. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

आठवी-नववीच्या मुलांना या पद्धतीचा छोटा नमुना शाळेत करून दाखवायचा आहे. जुने चित्रकार फळी कशी तयार करत, रंगाचे थर कसे देत? आपल्याकडे मिळणाऱ्या सामानात काय जमेल? मागच्या वर्षी मे महिन्यात प्रयत्न केला तर पांढरा थर भेगाळून पापुद्रे निघाले.
— कलाशिक्षिका, अमळनेर

भेगा पडल्या त्या मे महिन्यामुळे आणि बहुधा सरस जास्त झाल्यामुळे. चव्वेचाळीस अंशांत थराचा वरचा भाग आधी वाळतो, खालचा ओला राहतो. वरचा आकसला की फाटतो. हे काम दिवाळी ते होळी या काळात करा. पावसाळ्यातही नको, तेव्हा सरस कुजतो आणि वर्गात बसवत नाही.

फळी १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायची, ३० × ४० सेंटिमीटर. (त्यांच्याकडे ओकच्या फळ्या कडेला कड चिकटवून मोठा पृष्ठभाग करत, एवढी मोठी एकसंध फळी कुठल्याच झाडातून निघत नाही.) सुतारकामाच्या दुकानात दाणेदार सरस मिळतो तो १४ ग्रॅम घ्या, २०० मिलिलिटर थंड पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फुगलेला असेल. भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका: साठ अंशांच्या पुढे सरसाची चिकटण्याची ताकद तुटत जाते. थंड झाल्यावर मऊ जेलीसारखा थरथरला तर प्रमाण बरोबर. रबरासारखा घट्ट झाला तर तो पुढे पांढऱ्या थराला खेचून भेगा पाडणार. थोडं पाणी वाढवा.

हे कोमट सरसपाणी फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना लावा. एकाच बाजूला लावलं तर वाळताना फळी त्या बाजूला वाकते. चार तास वाळू द्या.

आता पांढरा थर. एक वाटी कोमट सरसपाण्यात दीड वाटी व्हायटिंग पावडर (खडूची बारीक पूड), चाळणीने हळूहळू सोडा आणि दहा मिनिटं हात लावू नका; पूड आपणहून भिजून खाली बसते. मग सावकाश हलवा. जोरात ढवळलं तर हवा शिरते आणि वाळल्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. शाळेतला खडू कुटून वापरू नका. त्यातले बरेच खडू जिप्समचे असतात, ते पाण्यात वेगळंच वागतात. (गंमत अशी की इटलीत जिप्समच वापरत आणि उत्तरेकडे, अँटवर्पला, खडू, ज्याच्या डोंगरात जे निघतं ते.) मिश्रण पातळ कढीएवढं हवं. सहा ते आठ हात द्या, एक उभा, पुढचा आडवा. आधीच्या हाताची ओली चमक गेली की लगेच पुढचा. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि पापुद्रे निघतात. तुमचं तेही झालं असावं. दुसऱ्या दिवशी २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. तोंडाला रुमाल बांधून.

पांढऱ्यावर थेट रंगवायचं नाही. रुबेन्सची खूण इथेच दिसते: तो राखाडी-तपकिरी पातळ रंग राठ कुंच्याने असा ओढी की रेघा तशाच राहत. बर्न्ट अंबर आणि किंचित काळा, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, जाड केसांच्या ब्रशने तिरका ओढा. पुसून गुळगुळीत करू नका. दोन-तीन दिवस वाळू द्या. त्यावर तपकिरी रंगानेच रेखाटन. मग एक नियम मुलांना पाठ करून घ्या: उजेड जाड, सावली पातळ. कपाळ, खांदा, कापडाची घडी इथे पांढरा भरपूर. सावलीत मात्र रंग इतका कमी की खालच्या रेघा दिसत राहाव्यात. कातडीवर उजेड आणि सावली भेटतात तिथे जी थंड करडी छटा दिसते, ती रंगवलेली नसते. ती खालून दिसणारी जमीन, म्हणजे तो पातळ राखाडी-तपकिरी थर असतो. मुलांना हे एकदा भिंगातून दाखवा.

कॉन्ट्रास्ट समजवायला लांब जायला नको. चाळीसगावच्या केकी मूस यांचे टेबलावर वस्तू मांडून टिपलेले फोटो दाखवा. उजेड एका बाजूने आला की काय होतं ते तिथे सरळ कळतं.

शेवटी झिलई, म्हणजे पातळ पारदर्शक थर. योहानाचा लाल झगा करायचा तर आधी लाल (हिंगुळाऐवजी इंडियन रेड) पूर्ण रंगवून वाळवा, मग मंजिष्ठेच्या जातीचा पारदर्शक लाल (दुकानात अलिझरिन क्रिमसन) तेलात पातळ करून त्यावरून फिरवा. लाल काचेतून पाहिल्यासारखी खोली येते. प्रत्येक वरच्या थरात तेल थोडं जास्त हवं. उलटं झालं, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडा थर आला, तर वरचा आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलतो आणि आटलेल्या तळ्याच्या गाळासारखं चित्र तडकतं.

जुनी रंगद्रव्यं मुलांना नावांनी सांगा, ती आपलीच वाटतील: शिशाचा सफेदा, हिंगूळ, गेरू, पिवळी माती, जंगाल, काजळी, लाजवर्द. वापरायला मात्र देऊ नका. सफेद्यात शिसं, हिंगुळात पारा. टायटॅनियम पांढरा, यलो ओकर, गेरूसाठी इंडियन रेड, बर्न्ट अंबर, अलिझरिन, अल्ट्रामरीन, काळा. सात ट्यूब पुरतात. स्वस्तात निळा मिळावा म्हणून तेव्हा स्माल्ट, म्हणजे कोबाल्टची निळी काच दळून, वापरत. तेलात ती कालांतराने राखाडी पडते. जुन्या चित्रांतलं ढगाळ आकाश पुष्कळदा रंगवताना स्वच्छ निळं होतं.

तेल जवसाचं, न उकळलेलं. लिननचा कॅनव्हासही जवसाच्याच जातीच्या रोपाच्या धाग्याचा: एकाच झाडाच्या बीपासून रंगाचं तेल आणि खोडापासून कापड. आपल्याकडे मिळतो तो बहुतेक सुती कॅनव्हास. तो जास्त ताणला जातो, म्हणून मोठ्या चित्राला फळी बरी.

एक गोष्ट विसरू नका. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती अडकते आणि फडकं काडीशिवाय पेटू शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर धोका आणखी मोठा. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

आमच्या भजनी मंडळाने संतांचं सात फुटी तैलचित्र करून घेतलं आणि सभामंडपात दारासमोर लावलं. काम सुंदर आहे, पण समोर उभं राहिलं की नुसती चमक दिसते. चित्रकार म्हणतो पॉलिश काढता येणार नाही.
— मंडळाचे कार्यवाह, चोपडा

तुमच्या चित्रकाराला सांगा, तो चांगल्या रांगेत आहे. रुबेन्सने रोमच्या ‘नव्या चर्च’च्या (किएझा नुओव्हा) मुख्य वेदीसाठी १६०७ मध्ये मोठा कॅनव्हास पूर्ण केला. तो जागेवर चढवला तर उजेड असा परावर्तित होई की आकृत्या ओळखू येईनात. त्याने तो उतरवला आणि १६०८ मध्ये सगळं काम पाटीच्या दगडावर पुन्हा केलं. दगड तेल शोषतो, चमक मरते. एकाऐवजी तीन भाग केले, मध्ये एक आणि दोन्ही बाजूंना दोन. मधल्या भागात तांब्याच्या पत्र्यावरचं अंडाकृती चित्र आहे; ते सरकवलं की मागची जुनी, चमत्कारी मानली जाणारी मरियेची प्रतिमा दिसते. देवापुढचा पडदाच म्हणा. पहिला कॅनव्हास त्याने मांतुआच्या ड्यूकला देऊ केला, त्याला नको होता. शेवटी अँटवर्पला आईच्या समाधीवर लावला. आज तो फ्रान्समध्ये ग्रनोब्ल इथे आहे.

तुम्हाला दगड लागणार नाही. आधी दार बंद करून पाहा. चमक गेली तर दोष जागेचा आहे. चित्र दुसऱ्या भिंतीवर, दाराला काटकोनात न्या. तेच सर्वांत सोपं. ते जमत नसेल तर चित्राचं खालचं टोक भिंतीला टेकलेलं ठेवून वरचं टोक सहा इंच पुढे आणा, दोन साखळ्यांवर. सात फुटी चित्र त्यामुळे चार अंश झुकतं आणि परावर्तन आठ अंशांनी खाली वळतं. दार तीस फुटांवर असेल तर चित्रात ‘दिसणारी’ जागा चार फूट खाली सरकते, म्हणजे उजळ झरोक्याऐवजी उंबरा किंवा जमीन. साखळी धाब्याच्या मातीच्या भिंतीत खिळा ठोकून अडकवू नका. आढ्याला किंवा तुळईला बांधा. एवढं करूनही चमक राहिली तर वरून मॅट व्हार्निशचा एक पातळ हात, पण चित्र पूर्ण होऊन किमान सहा महिने झाल्यावर.

चर्चमधलं कॅनव्हासवरचं जुनं चित्र काळं पडलं आहे आणि पावसाळ्यात खालच्या बाजूला पोट सुटतं. कोणी म्हणतं बटाट्याने पुसा, कोणी म्हणतं खोबरेल लावा. मुलं विचारतात, ‘हाई काय शे?’, इतकं अंधुक झालंय.
— वाचक, नंदुरबार

बटाटा नको, लिंबू नको, साबण नको, खोबरेल अजिबात नको. बटाट्याचं पाणी भेगांतून आत शिरून सरसाचा थर मऊ करतं, रंग सुटतो आणि मागे राहिलेल्या स्टार्चवर बुरशी येते. खोबरेल कधीच वाळत नाही. त्यावर वर्षभराची धूळ आणि मेणबत्तीची काजळी चिकटते.

काळेपणा बहुधा रंगाचा नसून व्हार्निशचा आणि काजळीचा आहे. याचा मोठा धडा आपल्या दाराशीच आहे. १९२० नंतर निजाम सरकारने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले, पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा-तपकिरी पडला आणि पुढच्या पिढ्यांना तो काढत बसावं लागलं. म्हणून सुताराकडचं फ्रेंच पॉलिश, तीही लाखच, चित्राच्या जवळ आणू नका.

पोट सुटण्याची दोन कारणं. दमट हवेत कॅनव्हासमधला सरस सैल पडतो, उन्हाळ्यात पुन्हा ताणतो; दरवर्षीच्या या ओढाताणीत रंगाचा थर सुटत जातो. दुसरं कारण साधं: खालच्या लाकडी पट्टी आणि कापड यांच्या फटीत गिलाव्याचे तुकडे, धूळ, पालीची अंडी साठतात आणि कापड पुढे ढकललं जातं. दोघांनी मिळून चित्र उतरवा, तोंड समोर ठेवून उभं धरा, मागून मऊ ब्रशने कचरा वर ओढून काढा. पातळ पुठ्ठ्याची पट्टी हलक्या हाताने फिरवली तरी चालते, सुरी नाही. कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी ठोकून कापड ताठ करायचा मोह होईल. ते करू नका. जुना रंग लवचिक नसतो, कोपऱ्यापासून तडा जातो.

परत लावताना मागे चार बुचाचे तुकडे चिकटवा, भिंतीपासून निदान एक इंच हवा खेळू द्या. मेणबत्त्या आणि अगरबत्ती चार-पाच फूट पुढे. समोरून कोरडा, मऊ, रुंद ब्रश फिरवायचा, तोही टॉर्च एका बाजूने भिंतीलगत धरून पाहिल्यावर. रंगाचे खवले उचललेले दिसले तर ब्रशही नको. त्याच तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा, पुढे बिघाड वाढला की नाही ते त्यावरून कळेल. साफसफाई आणि व्हार्निश काढणं हे प्रशिक्षित संवर्धकाचं काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचीही केंद्रं आहेत. फोटो, मापं आणि चित्राच्या मागच्या बाजूचा एक फोटो पाठवून विचारा. मागची बाजू पाठवायला लोक विसरतात आणि अर्धी माहिती तिथेच असते.

अशी वेदीचित्रं भारतात जवळ कुठे पाहायला मिळतील?
— वाचक, शिरपूर

जुन्या गोव्याला जा. पण तिथे रंगवलेल्या मोठ्या चित्रापेक्षा कोरीव लाकडाची, सोन्याच्या वर्खाची वेदीभिंत जास्त दिसेल. बॉम जेझू बॅसिलिकात (बांधकाम १५९४ ते १६०५) मुख्य वेदीवर बाल येशू, वर संत इग्नेशियसची भव्य मूर्ती. से कॅथीड्रलच्या मुख्य वेदीवर अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग चौकटींत कोरले आहेत. सकाळी जा आणि पहिल्यांदा मागच्या बाकांवरून पाहा. या भिंती तेवढ्या अंतरासाठीच घडवल्या आहेत. दुर्बीण असेल तर न्या.